दुसऱ्या बेसपर्यंत न गेलेला

प्रिय दिनकर,

मायना वाचून दचकलास ना? तीस वर्षांत मी तुला 'अर्ध्या'शिवाय दुसऱ्या नावानं हाक मारलेली नाही. कारण पुढे सांगतो.

शिकागोला भाच्याकडे गेलो होतो, तेव्हा त्यानं रिग्ली फील्डवर बेसबॉलचा सामना बघायला नेलं. मला ओ की ठो कळेना. पण शेंगा सोलता सोलता त्यानं फ्रेड मर्कल नावाच्या खेळाडूची गोष्ट सांगितली आणि घरी आल्यावर दोन रात्री मी तेच वाचत बसलो.

२३ सप्टेंबर १९०८. न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, जायंट्स विरुद्ध शिकागो कब्ज. मर्कल जायंट्सचा, एकोणीस वर्षांचं पोर. बेसबॉलमध्ये तीन बेस, म्हणजे थांबे, ओळीनं गाठून होम प्लेटवर परतलं की एक धाव. पहिला बेस राखणारा नेहमीचा खेळाडू टेनी कंबरदुखीनं बसला, म्हणून त्या मोसमात प्रथमच याला सुरुवातीपासून खेळवलेलं. शेवटची, नववी इनिंग. १-१ बरोबरी, जायंट्सचे दोन बाद, तिसरा गेला की डाव संपला. मर्कल फटका मारून पहिल्या बेसवर पोचला, मॅकॉर्मिक तिसऱ्यावर. पुढच्या ब्रिडवेलनं चेंडू मधून पार केला, मॅकॉर्मिक होम प्लेटवर आला, धाव झाली. जिंकलो! लोक मैदानात घुसले. मर्कल दुसऱ्या बेसकडे निघाला होता, तो अर्ध्या वाटेतूनच वळला आणि क्लबहाउसकडे पळत सुटला.

आता नियम ऐक. मागून फलंदाज पहिल्या बेसवर येतोय म्हटल्यावर पुढच्याला दुसरा गाठावाच लागतो. त्याआधी चेंडू तिथे पोचला तर तो बाद, आणि अशा रीतीनं तिसरा गडी गेला तर झालेली धावही धरत नाहीत. पण सामना जिंकल्यावर कोण कशाला दुसऱ्या बेसपर्यंत जातोय? त्या काळी सगळेच वळत. कब्जचा जॉनी एव्हर्स मात्र नियमांचा किडा. याच महिन्यात पिट्सबर्गला त्यानं असंच अपील केलं होतं. तेव्हा पंच हँक ओ'डे यांनी ते मान्य केलं नव्हतं. या दिवशीही पंच तेच! एव्हर्स चेंडूसाठी ओरडत सुटला. जायंट्सच्या मॅकगिनिटीनं म्हणे तो गर्दीत भिरकावून दिला. एव्हर्सच्या हातात शेवटी आला तो खरा चेंडू की दुसराच, यावर लोक अजून भांडतात. ओ'डे यांनी मर्कलला बाद दिलं. गर्दी आणि अंधार यांमुळे पुढे खेळणं अशक्य, म्हणून सामना बरोबरीत.

मोसम संपला तेव्हा दोन्ही संघ सारखेच. ८ ऑक्टोबरला फेरसामना झाला, कब्ज ४-२ नं जिंकले आणि पुढे वर्ल्ड सिरीजही, म्हणजे मोसमाचं अंतिम विजेतेपद, घेऊन गेले. (त्यानंतर त्यांना ती थेट २०१६ मध्ये मिळाली, पण ते शिकागोवाल्यांचं रडगाणं.)

मर्कलला नाव पडलं 'बोनहेड', म्हणजे आपल्याकडचं मठ्ठ. गंमत बघ, त्याचा मॅनेजर मॅकग्रॉ हा भयंकर तोंडाळ माणूस, पण त्यानं पोराला कधी दोष दिला नाही, उलट पगार वाढवला. मर्कल सोळा मोसम खेळला, दीड हजारांवर हिट्स मारल्या. पाचदा वर्ल्ड सिरीजमध्ये उतरला आणि पाचही वेळा हरला, त्यातली एक तर १९१८ मध्ये खुद्द कब्जकडून खेळताना! पुढे फ्लोरिडात डेटोना बीचला राहिला. १९५० मध्ये जुन्या खेळाडूंच्या सोहळ्यासाठी पोलो ग्राउंड्सवर आला, तेव्हा लोकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. १९५६ मध्ये गेला. नाव तेच राहिलं.

मी मात्र अडकलोय मैदानात घुसलेल्या गर्दीपाशी. त्यातल्या एकाचंही नाव कुठे नाही.

आपल्या त्या मे महिन्यातल्या टेनिस बॉलच्या फायनलला शेवटच्या चेंडूवर एक धाव हवी होती. तू धावलास, पट्टी हातभर असताना थांबून बॅट उंचावलीस, कीपरनं स्टंप उडवला. टपरीवर चहा यायच्या आत मी तुझं बारसं केलं. तुझ्या लग्नाच्या पंगतीतही तेच नाव चाललं, आता तुझी मुलंही हसतात.

पण दिनकर, तू थांबलास कारण समोरून एकजण तुला मिठी मारायला पट्टीच्या आत धावत आला होता. त्याला ओलांडून पुढे जाणार कसा? तू हे कधी कुणाला सांगितलं नाहीस. मीही नाही.

गणपतीत येतोय. सगळे जमले की हे मीच सांगेन, तू फक्त मध्ये बोलू नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक