गृहमंत्री साहेब, आमचं जुनं रिव्हॉल्वर गंजतंय

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

साहेब, बंदुकांचे परवाने खिरापतीसारखे वाटा असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट कमरेला पिस्तूल लावून वरातीत मिरवणाऱ्यांचे परवाने उद्या रद्द केलेत तर मी पेढे वाटेन. माझं म्हणणं जुन्या, परदेशी बनावटीच्या लष्करी हत्यारांबद्दल आहे, जी कोकणातल्या काही घरांत अजून आहेत.

आमच्याकडून किती माणसं पलटणीत आणि नेव्हीत गेली हे तुम्हाला काय सांगायचं. आमच्या घरात आजोबांपासून आलेलं वेबली मार्क सहा हे रिव्हॉल्वर आहे, रीतसर परवान्यावर. इंग्रजांनी 1915 मध्ये लष्करात घेतलेलं मॉडेल, वजन किलोभर. बाजूचा खटका अंगठ्याने दाबला की नळी पुढे झुकते आणि मधली चांदणी सहाही पुंगळ्या एकदम वर उचलते, त्या काळच्या कारागिराला सलाम करावा असं काम आहे. कानपूरच्या कारखान्यात अजून बनणारं .32 रिव्हॉल्वर याच घराण्यातलं. आमचं मात्र .455 बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप), म्हणजे प्रोहिबिटेड, सर्वसामान्यांना बंदी असलेल्या मापाचं, काडतूस एकही नाही. नेमबाजीची हौस मी रेंजवर .22 वर भागवतो, हे फक्त पुसून ठेवायचं.

आता मुद्दा. आचारसंहिता लागली की फोन येतो, हत्यार जमा करा. 2024 ला आमच्याकडे मतदान 7 मेला, निकाल 4 जूनला, म्हणजे परत मिळेपर्यंत पाऊस सुरू. ठाण्याच्या मागच्या खोलीत डुकरांसाठी घेतलेल्या बारा बोर, ठासणीच्या बंदुका, सगळ्या सुतळीने चिठ्ठ्या बांधून भिंतीला टेकवलेल्या, त्यातच एका पिशवीत हे, आणि कोपऱ्यात ओल आलेली. परत आलं तेव्हा चांदणी जाम आणि नळीत तांबूस पूड. ड्युटीवरचा हवालदार चांगला माणूस, तो तरी काय करणार, त्याला ना तेल दिलंय ना कपाट. आणि खरं तर सरसकट सगळ्यांची हत्यारं जमा करायचीच नाहीत, जिल्ह्याच्या स्क्रीनिंग कमिटीने माणूस बघून ठरवायचं असतं. आमच्याकडे बघतं कोण?

अमेरिकेत 50 वर्षांपेक्षा जुन्या हत्यारांच्या संग्राहकांना वेगळं लायसन्स मिळतं. रशियन नागां, टोकारेव्ह, पोलिश पी-64, झेक सीझेड-52 असली फौजांनी काढून टाकलेली पिस्तुलं लोक घेतात आणि रेंजवर चालवतातसुद्धा. नागां हे रिव्हॉल्वर तर गंमतच आहे, घोडा मागे गेला की काडतुसांची चक्री पुढे सरकून नळीला चिकटते, गॅस निसटू नये म्हणून. जुन्या सोव्हिएत काडतुसांच्या टोपीतल्या रसायनामुळे नळीत क्षार राहतो, तो हवेतला ओलावा ओढतो, म्हणून ही मंडळी त्याच संध्याकाळी नळी गरम पाण्याने धुऊन तेल लावतात. त्यांचे कायदे इथे आणा असं मी म्हणणार नाही, तिथल्या गोळीबाराच्या बातम्या आपण रोज वाचतोच. पण निगा राखायची ही अक्कल घ्यायला काय हरकत आहे? आमच्याकडे तर क्षार हवेतच आहे, खिडकीचे गज चार पावसाळे टिकत नाहीत.

आपल्याकडेही केंद्राने 2020 साली नियम बदलले, क्युरिओ गटातलं, म्हणजे जुनं, संग्रहात ठेवण्याजोगं हत्यार नुसतं बाळगायला परवाना लागणार नाही म्हणून, वापरायचं किंवा कुठे न्यायचं असेल तर लागेल. छान. पण माझं हत्यार त्या गटात बसतं की नाही हे ठरवणार कोण, हे मी कलेक्टर ऑफिसात विचारलं तर मला या टेबलावरून त्या टेबलावर पाठवलं आणि शेवटी "सरेंडर करून टाका ना, कशाला डोक्याला ताप" असा सल्ला मिळाला.

कायदा केंद्राचा आहे हे मला कळतं, पण एक परिपत्रक तुमच्या खात्याला काढता येईल. जमा हत्यारासाठी कोरडं कपाट, आत सिलिका जेलच्या पुड्या, घेताना तेलाचा हात आणि पावतीवर हत्याराची अवस्था लिहिलेली, फोटोसकट. क्युरिओ ठरवायला पोलीस मुख्यालयातला आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल करणारा माणूस, नेमा, त्याला हत्यार कळतं. आणि कोणी कंटाळून सरेंडर केलंच तर तोडायच्या आधी संग्रहालयाला विचारा. रत्नागिरीच्या थिबा पॅलेसमध्ये संग्रहालय आहेच, निकामी करून काचेत ठेवलं तर कोणाला धोका?

पुढची आचारसंहिता लागायच्या आत निदान कपाटाचं तरी बघा.

आपला,
कोकणातला एक परवानाधारक