९४ टक्के

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास तेव्हा बाबा म्हणाले, "दोन दिवस तिला काही बोलू नकोस." म्हणून लिहायला बसले. बारचा, म्हणजे भांड्यातलं ढवळणाऱ्या त्या चुंबकाचा, विषय काढायचा नाही असं ठरवलंय.

तुझ्या अभिक्रियेत ९४ टक्के यील्ड, म्हणजे शक्य तेवढ्यातलं ९४ टक्के उत्पादन हाती, तेही नेहमीचा उत्प्रेरक पॅलेडियम न घालता, नुसत्या लोहावर! ऐकून आधी मला शब्दच सुचेना आणि मग तोंडून निघालं, "मॅग्नेटिक बार नवा होता ना?" तुला ते लागलं. इतके दिवस खपून हाती काही आलं, तर आई उलटतपासणी घेते. पण हा पेपर निघाला की जो तो तुझ्यामागे हेच विचारणार, म्हणून जीव खालीवर होतो.

२००३ ची ती गोष्ट तुला माहीत आहे. लेडबीटर या रसायनशास्त्रज्ञाच्या गटाला धातूशिवाय सुझुकी जोडणी, म्हणजे एरवी पॅलेडियमवर होणारी कार्बनच्या दोन तुकड्यांची जोडणी, मिळाली. त्यांनी पॅलेडियम शोधलंही होतं, पण मोजण्याच्या मर्यादेत सापडलं नव्हतं. २००५ मध्ये त्यांनीच छापलं, की बेस म्हणून घातलेल्या बाजारातल्या सोडियम कार्बोनेटमध्ये अब्जात ५० भाग इतकं पॅलेडियम होतं आणि काम तेवढ्यानेच होत होतं. स्वतःचाच निकाल असा फिरवायला छाती लागते. त्या पेपरचा संदर्भ लोक आजही देतात. आणि तुझ्या लोहाचं म्हणशील, तर २००९ मध्ये बुखवाल्ड आणि बोल्म यांनी दाखवलंच आहे, की फेरिक क्लोराइडच्या, म्हणजे लोहाच्या क्षाराच्या, नावावर जमा झालेल्या काही अभिक्रिया त्यातलं किंचितसं तांबं घडवून आणत होतं. बारच्या टेफ्लॉनवर चरे असतात, त्यात आदल्या माणसाचं पॅलेडियम बसून राहतं. कितीही घासलं तरी मला त्याचा भरवसा वाटत नाही. तुमच्या लॅबमध्ये तर त्याच ड्रॉवरमधले बार सगळे वापरतात, असं तूच म्हणाली होतीस.

बघ, काढलाच विषय. रागावू नकोस.

तू म्हणालीस, दुसरा गट आधी छापेल, मुलाखतीला साइटेशन, म्हणजे इतरांनी आपल्या पेपरांचे दिलेले संदर्भ, लागतात, एच-इंडेक्स, म्हणजे किती पेपरांना निदान तितकेच संदर्भ मिळाले तो आकडा, विचारतात. खरं आहे. हर्शने तो आकडा २००५ मध्ये सुचवला, तोवर माझी निम्मी नोकरी झाली होती. मला कोणी तो विचारला नाही. तो आकडा कधी खाली येत नाही, वयाबरोबर वाढत जातो, म्हणजे नुकत्याच सुरुवात करणाऱ्याला त्याने तोलणं हा मला अन्यायच वाटतो. पॅलेडियमवरच्या जोडणीसाठी नोबेल मिळालेल्या हेकचंच बघ: मूळ पेपर १९७२ चा, नोबेल २०१० मध्ये, निवृत्त होऊन वीस वर्षं उलटल्यावर. पण तुला नोकरी पुढच्या वर्षी हवी आहे आणि हेकच्या गोष्टीने पोट भरत नाही, हे मलाही कळतं. व्याख्यान झालं हे. माफ कर.

तू तिसरीत असताना सुट्टीत माझ्याबरोबर यायचीस, आठवतं? दाराच्या काचेला नाक लावून बबलरमधले बुडबुडे मोजायचीस. एकदा हायड्रोजन घेणं मधेच थांबलं. मी तुला सांगितलं, उत्प्रेरकाला विषबाधा झाली. तू घाबरून विचारलंस, "कोणी दिलं विष?" मग दिवसभर माझ्यामागे लागलीस: ह्या बाटलीत आहे का, त्या बाटलीत आहे का. शेवटी सॉल्व्हंटमधलं गंधक निघालं. दादा त्या वयात कंटाळून झोपून जायचा. तू मात्र उत्तर मिळेपर्यंत घरी यायला तयार नव्हतीस.

म्हणून मला वाटतं, तू ब्लँक, म्हणजे पडताळणीचे कोरे प्रयोग, लावले असशीलच. नुसतं लोह काढून नाही, तर नवं काचेचं भांडं, नवा बार, वेगळ्या कंपनीचा बेस, आणि शेवटी आयसीपी-एमएस, म्हणजे धातूचा सूक्ष्म अंशही मोजणारी चाचणी. लावले नसशील तर आठवड्याभराचं काम आहे. तेवढ्यात दुसऱ्यांनी छापलंच, तरी तुझ्या पेपरात ते तक्ते असतील आणि त्यांच्यात नसतील. निकाल टिकला तर मी सगळ्यांना फोन करून सांगणार आहे, मोठ्या काकूलासुद्धा.

आणि पॅलेडियम निघालं तरी त्याच संध्याकाळी मला फोन कर, कितीही वाजले असोत. परीक्षकांची पत्रं आली की ती मला पाठव, उत्तरं दोघी मिळून लिहू. बाबा रविवारी बोलतील.

तुझी,
आई