नुसतं ‘नीट शिजवा’ सांगून भागणार नाही

संपादक महोदय,

कोंबड्यांच्या खाद्यातल्या अँटिबायोटिक्सवरचा कालचा लेख वाचला. ‘मांस नीट शिजवलं की घाबरण्याचं कारण नाही’ हे वाचून राहवलं नाही. शिजवल्यावर जंतू मरतात, मान्य. पण आमच्या बाजारात सकाळपासून एकाच लाकडी ठोकळ्यावर कोंबड्या तोडतात, मध्येच ओलं फडकं फिरवलं की झाली सफाई. घरी त्याच हातांनी कोथिंबीर निवडली जाते.

आणि प्रश्न ताटापुरता नाहीच. खाद्यातून रोज थोडंथोडं औषध कोंबडीच्या पोटात गेलं की साधे जंतू मरतात, औषधाला न जुमानणारे तेवढे उरतात आणि फोफावतात. विष्ठेतून ते खतात, नाल्यात, पोल्ट्रीतल्या कामगारांच्या हातांवर येतात. औषधाला न जुमानण्याचा हा गुण एका जातीचे जंतू दुसऱ्या जातीला देऊ शकतात. कोलिस्टिन या अँटिबायोटिकला जंतू दाद देत नाहीत ते ज्यामुळे, असं जनुक चीनमधल्या डुकरांतल्या जंतूंत सापडल्याचं 2015 मध्येच जाहीर झालं होतं.

माझ्या आईला मागे लघवीचा संसर्ग झाला. जंतूवर कोणतं औषध चालतं ते पाहणाऱ्या कल्चरच्या रिपोर्टवर औषधांची नावं एकाखाली एक आणि पुढे ‘आर’, ‘आर’, ‘आर’, म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. गोळ्यांनी बरं व्हायचं दुखणं, त्यासाठी रोज शिरेतून इंजेक्शनं. शेवटी शेवटी नर्सला शीर सापडेना, दोन्ही हात काळेनिळे. तो जंतू कोंबडीतून आला असं मी म्हणत नाही, ते सांगता येणारही नाही. पण सगळे उपाय थकल्यावर डॉक्टर जे कोलिस्टिन काढतात, तेच आपल्याकडे कोंबड्यांचं वजन वाढावं म्हणून खाद्यात घालत होते! केंद्राने 2019 मध्ये त्यावर बंदी घातली. युरोपने वाढीसाठीची अँटिबायोटिक्स 2006 पासूनच बंद केली. लेखात यातलं काहीच का नाही?

करारावर पोल्ट्री करणाऱ्या शेतकऱ्याला दोष देऊ नका. पिल्लं, खाद्य, औषध सगळं कंपनीच पुरवते. गोणीत कोणतं औषध आहे ते ठळक मराठीत छापायला लावा आणि मुंबईत येणाऱ्या कोंबड्यांच्या तपासणीचे निकाल तुमच्या पानावर येऊ द्या.

केमिस्टवरही एकदा लिहा. आमच्या गल्लीत साध्या सर्दीलाही चिठ्ठी न मागता अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक देतात. मी हटकलं तर म्हणाला, ‘काकू, आम्ही नाही दिलं तर समोरचा देतो.’

— एक वाचक, लालबाग