नवख्याच्या हाती आधी मोठी रायफल देऊ नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावरचा लांब पल्ल्याच्या नेमबाजीवरचा लेख वाचला. स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवल्यापासून राधानगरीच काय, आमच्या कराड-पाटणकडची पोरंही रायफलीची चौकशी करू लागली आहेत. तेव्हा असे लेख यायलाच हवेत. पण ‘मोठ्या रायफलीचा धक्का सोसायला मजबूत खांदा हवा’ हे त्यातलं वाक्य काही पटलं नाही. पलटणीत रंगरुटांना चांदमारी शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. तालमीत घुमलेले गडी एसएलआर, म्हणजे फौजेतली ७.६२ मिलिमीटरची मोठी रायफल, हातात घेतल्यावर डोळे गच्च मिटताना पाहिलेत, आणि अंगाने काडीसारखी पोरगी शांतपणे ग्रुप काढताना, म्हणजे सगळ्या गोळ्या टारगेटवर जवळजवळ लावतानाही पाहिली आहे.

धक्का मुळात किती, ते बघा. एनसीसीत मिळते ती पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंची छोटी रायफल. तिची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला सव्वातीनशे मीटर. ७.६२ ची गोळी साडेनऊ ग्रॅमची आणि वेग ८०० मीटरच्या वर. वजन गुणिले वेग केलं की जवळपास नऊपट होतं, शिवाय जळलेल्या दारूच्या वायूचा रेटा वेगळाच. रायफल जितकी जड तितका तो कमी जाणवतो. ३०० मीटरच्या स्पर्धेत ८ किलोपर्यंतची रायफल चालते, ती उगाच नाही. नळीच्या तोंडाशी लावून धक्का कमी करणारा मझल ब्रेक मात्र तिथे चालत नाही.

आता गोळीला नळीतून बाहेर पडायला एक-दीड मिलिसेकंद लागतो. धक्का कळून माणसाचं अंग हलायला त्याच्या शंभरपट वेळ जातो. म्हणजे धक्का जाणवेपर्यंत गोळी केव्हाच गेलेली असते. मग नेम बिघडतो कशाने? धक्का येणार या धास्तीने. ट्रिगर दाबण्याआधीच खांदा पुढे रेटला जातो, पापणी मिटते, नळी खाली झुकते आणि गोळी टारगेटच्या पायाशी मातीत जाते.

हे पोराला सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. रायफल उस्तादाने भरायची आणि मधेच एखादा डमी राउंड (न उडणारं खोटं काडतूस) सरकवायचा. कुठला, ते त्याला कळू द्यायचं नाही. डमी आला की नुसतं ‘खट्’ वाजतं आणि तरीही नळीचं तोंड टुणकन खाली जातं. मागे उभ्या असलेल्यांना दिसतं, त्याचं त्यालाही दिसतं. मी शेजारी लेटून पोराच्या डोळ्याकडे बघत असे, टारगेट बघायची गरजच पडत नसे. त्यानंतर रायफल रिकामी करून, दोनदा तपासून, नळीवर पुढच्या टोकाला रुपयाचं नाणं ठेवायचं आणि ट्रिगर दाबायला लावायचं. नाणं जागचं हलेनासं झालं की मगच पुढे.

बट, म्हणजे रायफलीचा मागचा दस्ता, खांद्याच्या खळगीत हवं. दंडावर नको, गळ्याच्या हाडावरही नको. नवखा भिऊन बट सैल धरतो आणि तिथेच मार खातो. बोटभर फट राहिली तरी रायफल वेग घेऊन येते आणि ठोसा बसतो; चिकटून असली तर तीच रायफल अख्ख्या अंगाला नुसती ढकलते. आवळायची मात्र नाही, आवळली की हात थरथरतो. गाल बटावर, दर राउंडला त्याच जागी. बायपॉडवर, म्हणजे नळीखालच्या दोन पायांच्या टेक्यावर, मारायचं तर अंग रायफलीच्या सरळ मागे असू द्यावं. आमच्या वेळचं तिरकं लेटणं साध्या साइटला ठीक होतं. बायपॉड आणि स्कोपवर (नेमाच्या दुर्बिणीवर) तसं लेटलं की नळी बाजूला उडते. राउंड सुटल्यावर ट्रिगर तसाच मागे धरून बघायचं, क्रॉसवायर (स्कोपमधली फुली) टारगेटवर परत आली का. नसेल आली तर रायफल ओढून आणू नये, अंग सरकवावं.

आवाजाबद्दल कुणी बोलतच नाही. निम्मी धास्ती कानातून शिरते. एका शिबिरात पोरांच्या कानात कापूस कोंबून त्यांना मोठ्या रायफलीमागे झोपवलेलं मी पाहिलंय. कापसाने काय होणार? आत फोमचे प्लग आणि वर कान झाकणारे मफ, दोन्ही लागतात. आणि पहिल्या दिवशी मोठ्या रायफलीचे दहा राउंड पुष्कळ झाले. खांदा ठणकायला लागला की थांबवायचं.

खरा संताप येतो तो मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंचा. हलकी रायफल, जबर काडतूस, हातात घेणारी व्यक्ती नवखी. तिला काही सांगायचं नाही आणि ती मागे कलंडली की खिदळायचं. स्कोप भुवईवर आपटून अर्धचंद्रासारखी खोक पडते, त्यात हसण्यासारखं काय आहे? रायफल हातातून निसटली तर शेजारच्याच्याही जिवावर बेतायचं. असं एकदा झालेलं पोर पुढे पॉइंट टू टूवरही डोळे मिटतं आणि ती खोड मोडायला महिने जातात. रेंजच्या प्रमुखाने असल्या हौशी मंडळींना त्याच दिवशी गेटबाहेर काढावं.

पालक विचारतात, “साहेब, पोरगं छोट्या रायफलीवर किती दिवस काढणार?” कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं लेटून मारण्याच्या प्रकारात) जगज्जेती झाली, ती याच पॉइंट टू टूवर. घाई कसली आहे?

जाता जाता एक. लेखासोबतच्या छायाचित्रातल्या मुलाचा डोळा स्कोपला जवळजवळ टेकलेला आहे. तिथे तीन-साडेतीन इंच अंतर लागतं. पोरं लेख वाचोत न वाचोत, फोटो बघून रायफल तशीच धरतात. पुढच्या वेळी छायाचित्र छापण्याआधी एखाद्या जाणत्या नेमबाजाला दाखवून घ्यावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त सुभेदार
ता. कराड, जि. सातारा