बाँडवरचा प्लॉट आणि घरासाठीचे पहिले पाच लाख

संपादक महोदय,

दिवाळीचा बोनस हातात पडला की छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, रांजणगाव, पंढरपूर, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कंपन्यांतली पोरे प्लॉट बघायला निघतात. गावाकडे दीड-दोन एकर कोरडवाहू, इथे भाड्याची खोली. शहरात आपले चार भिंतींचे घर व्हावे ही इच्छा खरी, आणि त्यासाठी पोटाला चिमटा घेऊन पैसे साठवण्याची तयारीही खरी. तरीही पाच-सहा वर्षे साठवलेली रक्कम कितीकदा घरापर्यंत पोचत नाही. पगार कमी, हे कारण आहेच. पण पैसा गळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत आणि त्या बुजवता येतात. त्यासाठी हे पत्र.

आधी आकडा नीट धरावा. ‘दहा टक्के भरा, बाकी बँक देते’ असे सर्रास सांगितले जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के देऊ शकते. ही कमाल मर्यादा आहे, हक्क नव्हे. शिवाय घराची किंमत 10 लाखांवर असेल तर मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरला जात नाही. तो खिशातूनच जातो. महापालिका हद्दीतल्या, बांधकाम चालू असलेल्या 22 लाखांच्या लहान फ्लॅटचा हिशेब असा: स्वतःचे दहा टक्के 2 लाख 20 हजार. मुद्रांक शुल्क 5 टक्के आणि वर 1 टक्का स्थानिक संस्थेचा, मिळून 1 लाख 32 हजार. नोंदणी फी 1 टक्का, म्हणजे 22 हजार. परवडणाऱ्या घरावरचा जीएसटी 1 टक्का, आणखी 22 हजार. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला हा लागत नाही. इथवर 3 लाख 96 हजार झाले. पुढे बँकेची प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजाची तपासणी), व्हॅल्युएशन, गहाणखताचा मुद्रांक, वीजमीटर, सोसायटीची आगाऊ वर्गणी. यालाच 60 ते 80 हजार लागतात आणि टोकन देईपर्यंत कुणी ते सांगत नाही. बिल्डरकडून हे सगळे आकडे कागदावर लिहून मागावेत. एकूण पावणेपाच लाख होतात, म्हणून लक्ष्य पाच लाखांचे ठेवावे.

बँक स्वतःचे मूल्यांकन करते आणि करारातली किंमत व आपले मूल्यांकन यांत जे कमी, त्यावर कर्ज देते. 22 लाखांच्या फ्लॅटचे मूल्यांकन 20 लाख निघाले तर कर्ज 19 लाख 80 हजारांऐवजी 18 लाख होते आणि 1 लाख 80 हजारांचा खड्डा एका रात्रीत पडतो. म्हणून टोकन देण्याआधी बँकेकडून आपल्या पगारावरची कर्जमंजुरी लेखी घ्यावी, आणि ‘कर्ज न मिळाल्यास रक्कम परत’ ही ओळ टोकनच्या पावतीवरच लिहून घ्यावी.

घर स्त्रीच्या नावावर घेतले तर मुद्रांकात 1 टक्का सवलत आहे. वरच्या उदाहरणात ती 22 हजार होते. मात्र खरेदी फक्त स्त्रीच्या नावावर हवी. नवऱ्याचे नाव मालक म्हणून जोडले की सवलत जाते. तो सहकर्जदार राहू शकतो.

आता हप्ता. साडेआठ टक्के दराने 20 वर्षांसाठी दर लाखाला 868 रुपये पडतात. हातात 22 हजार येणाऱ्याला बँक फार तर निम्म्यापर्यंत, म्हणजे 11 हजारांचा हप्ता मान्य करते. त्यावर कर्ज होते साधारण साडेबारा लाखांचे. त्याच माणसाचा मोबाईल आणि दुचाकीचा मिळून साडेचार हजारांचा हप्ता चालू असेल, तर उरतात साडेसहा हजार आणि कर्ज येते साडेसात लाखांवर. मोबाईल-गाडीच्या हप्त्याने घराचे पाच लाख खाल्ले. तेव्हा घराचा अर्ज करण्याआधी वर्षभर तरी नवा हप्ता घेऊ नये आणि चालू असलेले फेडून टाकावेत. याच हिशेबाने 22 लाखांचे घर एकट्याच्या 22 हजारांत बसत नाही. नवरा-बायको दोघांचा मिळून 35 हजारांच्या आसपास पगार असेल, तोही बँकेत जमा होणारा, तरच त्याचा विचार करावा. ओव्हरटाइमची कमाई बँक पूर्ण धरत नाही, आणि रोखीत मिळालेला पगार तर तिच्या लेखी मिळालेलाच नसतो.

मराठवाड्यात क्रेडिट स्कोअरचे, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरून मिळणाऱ्या गुणांचे, एक वेगळे दुखणे आहे. सातबाऱ्यावर भावंडांची नावे असतात, पीककर्जाच्या कागदावर पोराची सही घेतलेली असते, दुष्काळात ते कर्ज थकते. पोरगा कंपनीत लागून चार वर्षे झालेली असतात आणि त्याच्या नावावर गावच्या बँकेची थकबाकी तशीच उभी असते. मित्राला जामीन राहिलेले कर्जही तसेच. हे गुण देणाऱ्या क्रेडिट कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा असतो. बचत सुरू करतानाच तो काढावा, अर्ज करताना नव्हे. थकलेले खाते तडजोडीने बंद केले तर अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो आणि पुढची बँक नाक मुरडते. शक्य असेल तर पूर्ण भरून ‘नो ड्यूज’ घ्यावे.

पाच लाख साठवायचे कसे? पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत सध्याच्या 6.7 टक्के दराने महिना 7 हजार भरले तर शेवटी जवळपास पाच लाख हातात येतात. पण आपल्याकडे जून कठीण जातो. बियाणे-खतासाठी गावाकडून फोन येतो, मग शाळेचे प्रवेश. पोस्टात हप्ता चुकला तर शंभराला 1 रुपया दंड, आणि चारपेक्षा जास्त हप्ते चुकले की खाते खंडित होते. दोन महिन्यांत ते पुन्हा चालू करून घ्यावे लागते. तीन वर्षांनंतर मुदतीआधी मोडता येते, पण तेव्हा व्याज साध्या बचत खात्याच्या दराने मिळते. म्हणून जूनमध्येही झेपेल एवढ्याच रकमेची आवर्ती ठेव लावावी, समजा 4 हजारांची, आणि बोनस व जास्तीच्या ओव्हरटाइमची वेगळी मुदत ठेव करावी. पगार 7 ते 10 तारखेच्या दरम्यान होतो; हप्ता 11 तारखेला खात्यातून आपोआप कापला जाईल असे सांगून ठेवावे. महिनाअखेरीस उरेल ते टाकू म्हणणाऱ्याचे काही उरत नाही.

जास्त व्याजाला भुलून पतसंस्थेत किंवा मल्टिस्टेटमध्ये (एकाहून अधिक राज्यांत चालणाऱ्या पतसंस्थेत) हा पैसा ठेवू नये. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, माणशी 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्था आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीला ते नाही. बीड आणि संभाजीनगरच्या ठेवीदारांनी पैसे अडकून ही किंमत मोजलेली आहे, त्यावर आणखी काही लिहायला नको. भिशी ओळखीची असली तरी तीत लावलेला पैसा कुठेही नोंदलेला नसतो, आणि बँक विचारते तेव्हा दाखवायला कागद नसतो.

भविष्य निर्वाह निधीकडे मात्र ही मंडळी बचत म्हणून पाहतच नाहीत. मूळ पगार व महागाई भत्ता 15 हजार असेल तर कामगाराचे 1,800 आणि मालकाच्या वाट्यातले 550, असे महिन्याला 2,350 रुपये खात्यात जमा होतात. मालकाचे उरलेले 1,250 पेन्शनला जातात. 8.25 टक्के व्याजाने पाच वर्षांत ही रक्कम पावणेदोन लाखांच्या जवळ जाते. घरासाठी त्यातून पैसे काढता येतात. जपून हिशेब करायचा तर तीन चतुर्थांशच धरावेत, म्हणजे 1 लाख 30 हजार. एवढ्यानेही दरमहा 7 हजारांऐवजी 5,200 वर भागते.

हे जमत नाही ते ठेकेदार बदलल्यामुळे. गेट तेच, मशीन तेच, पण अकरा महिन्यांनी ठेकेदार नवा आणि त्याच्याबरोबर नवा यूएएन, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचा कायमचा खाते क्रमांक. जुन्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसते, म्हणून रक्कम नव्या खात्यात वळत नाही. आधारवर ‘पांडुरंग किसन’ आणि कंपनीच्या नोंदीत आडनाव आधी, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचे तिकडे, की दावा परत येतो. मग कंटाळून पोरगा मिळेल तेवढे काढून घेतो आणि ते पैसे मोबाईलमध्ये जातात. पाच वर्षे सलग सेवा होण्याआधी खाते बंद करून काढलेल्या रकमेवर आयकरही लागू शकतो. रुजू होताना जुना यूएएन ठेकेदाराला लेखी द्यावा आणि नवा काढू देऊ नये. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले की सोडल्याची तारीख स्वतः पोर्टलवर भरता येते. पासबुक दर महिन्याला उघडून पाहावे: पगारातून कापले आणि जमा झाले नाही, हे दुसऱ्याच महिन्यात कळले तर ठेकेदार हाताशी असतो, दोन वर्षांनी तो गावही सोडून गेलेला असतो. ठेकेदाराने भरले नाही तर मूळ कंपनीची जबाबदारी कायद्याने आहेच. कंपन्यांनी दरमहा निधी भरल्याच्या चलनाची प्रत गेटवर लावली तर निम्मे प्रश्न जागीच सुटतील.

आणि आता तो बाँड, म्हणजे प्लॉटच्या विक्रीचा मजकूर लिहिलेला मुद्रांक कागद. पूर्वी शंभराचा होता, ऑक्टोबर 2024 पासून पाचशेचा झाला. त्यावर गट नंबर, 20 बाय 30 चा प्लॉट, चारी बाजूंच्या चतुःसीमा, दोन साक्षीदारांच्या सह्या, नोटरीचा लाल शिक्का. वाचायला सगळे पक्के वाटते. पण शंभर रुपयांवरच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत खरेदीखताशिवाय होत नाही, आणि नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. मुखत्यारपत्र जोडलेले असले तरी मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केले आहे. सातबाऱ्यावर मूळ शेतकऱ्याचे नाव तसेच राहते. तोच प्लॉट दुसऱ्यालाही विकला जाऊ शकतो, शेतकऱ्याच्या कर्जापोटी बँक बोजा चढवू शकते, त्याच्या मागे वारस उभे राहू शकतात. शिवाय अशा प्लॉटवर गृहकर्ज मिळत नाही. म्हणजे साठवलेले सगळे जमिनीत अडकते आणि बांधायला पुन्हा शून्यापासून साठवावे लागते. ‘पुढे गुंठेवारीत नियमित होईल’ हे विकणारा नेहमी म्हणतो. गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेले छोटे प्लॉट नियमित करण्याचा, कायदा 2001 चा, 2021 मध्ये त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या प्लॉटपुरती वाढवली. त्यानंतर पाडलेल्या प्लॉटला त्याचा आधार नाही.

प्लॉट घ्यायचाच तर पैसे देण्याआधी पाच कागद हातात हवेत: ताजा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, अकृषिक आदेश, मंजूर रेखांकन, 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट आणि महारेरा (घर-प्लॉट प्रकल्पांवर देखरेख ठेवणारे राज्याचे प्राधिकरण) क्रमांक. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्लॉटिंगलाही महारेराची नोंदणी सक्तीची आहे. सर्च स्वतःच्या वकिलाकडून करावा, विकणाऱ्याच्या नव्हे. नोंदणीकृत प्रकल्पात विक्रीचा करार नोंदवल्याशिवाय बिल्डर 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. 22 लाखांच्या घराला ‘बुकिंगचे चार लाख टाका, करार नंतर करू’ असे कुणी म्हणाले तर तिथून उठावे.

काही रक्कम रोख मागितली जाते. 22 लाखांच्या घराचा करार 17 चा आणि 5 लाख हातात. मुद्रांकाचे 30 हजार वाचतात हे आमिष दाखवतात, आणि रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेला) दर जास्त असेल तर तेही वाचत नाहीत. पण कर्ज 17 लाखांवर मिळते, 15 लाख 30 हजार. तीस हजारांसाठी साडेचार लाख जास्तीचे उभे करावे लागतात आणि रोख दिलेल्याची पावती कधीच मिळत नाही.

सरकारी मदतीत पंतप्रधान आवास शहरी 2.0 ची व्याज सवलत पाहण्यासारखी आहे. वार्षिक उत्पन्न 9 लाखांपर्यंत, घर 35 लाखांपर्यंत, कर्ज 25 लाखांपर्यंत. पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के, मिळून जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. ते कर्जखात्यात येतात, सुरुवातीच्या पाच लाखांत धरू नयेत. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले, आणि यांपैकी कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्के घर नसावे ही अट आहे. म्हणून अर्जाआधी गावच्या ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घरांच्या नोंदीचा उतारा) काढून आपले किंवा बायकोचे नाव एखाद्या घराला लागले आहे का ते पाहावे. म्हाडाच्या छत्रपती संभाजीनगर मंडळाच्या सोडतीवरही लक्ष ठेवावे. तिथे निदान कागद पक्के असतात.

शेवटी आपल्याकडेच एक मागणे. 1 ऑगस्ट 2023 पासून घरांच्या आणि प्लॉटच्या जाहिरातीत महारेरा क्रमांकासोबत क्यूआर कोड देणे बंधनकारक आहे. तरी ‘फक्त 3 लाखांत प्लॉट, 10 हजार भरून बुकिंग’ अशा जाहिराती छोट्या रकान्यांत आणि अंकात घातलेल्या पत्रकांतून घरोघर जातात. कामगार वसाहतींमध्ये पेपर अजून चहाच्या टपरीवर वाचला जातो आणि पेपरात आले म्हणजे खरे असेल असे मानणारे पुष्कळ आहेत. क्रमांक आणि कोड नसलेली मालमत्तेची एकही जाहिरात आपण घेऊ नये, पत्रकही अंकात घालू देऊ नये, आणि हा नियम जाहिरातींच्या पानावर ठळक छापावा.

आपले,
गृहकर्ज आणि भविष्य निर्वाह निधीच्या कामात असलेले काही वाचक,
वाळूज, जि. छत्रपती संभाजीनगर