आईनं बोटं मोडली ती सोलापूरच्याच लेकीवर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अभिनेत्री शशिकला यांच्या निधनाची बातमी सोमवारच्या अंकात वाचली. रविवारी, ४ एप्रिल २०२१ला त्या मुंबईत गेल्या. वय ८८. पहिलं पान कोरोनाच्या नव्या निर्बंधांनी भरलं होतं, म्हणून बातमी आत गेली असेल, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण 'जन्म सोलापूरचा' एवढं सांगून बातमी थेट मुंबईला पोचली, तिथं मी अडखळले.

आमची आई विड्या वळायची, वडील गिरणीत. मजुरीतून चार पैसे मागे पडले की आई शेजारणींना गोळा करून पिक्चरला जायची, मला कडेला धरून. 'गुमराह' बघायला गेलो तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. माला सिन्हाला धमकावून पैसे, दागिने उकळणारी शशिकला पडद्यावर आली की बायकांच्या बाजूला नुसता कल्लोळ. आमच्या शेजारणी कुणी तेलुगू, कुणी कानडी, पण शिव्या सगळ्यांच्या सगळ्यांना कळत होत्या. आई तर कडाकडा बोटं मोडत म्हणाली, "मेलीचं वाटोळं होईल!" आणि शेवटी निघालं काय, तर ती माला सिन्हाच्या नवऱ्याची, म्हणजे अशोककुमारची सेक्रेटरी, त्यानंच पाठवलेली! आई वाटभर गप्प होती. घराजवळ आल्यावर म्हणाली, "उगंच बोलले गं तिला."

पुढे कुणीतरी सांगितलं की ही बाई आपल्या सोलापूरचीच. मग आईचा सूर पार बदलला. 'आरती'मधल्या त्या आगलाव्या जावेबद्दल कुणी वाईट बोललं की आईला राग यायचा. "काम आहे तिचं ते," म्हणायची. या 'आरती' आणि 'गुमराह'साठी त्यांना लागोपाठ दोनदा फिल्मफेअर मिळालं, हे आईला ठाऊक नव्हतं. तिच्या दृष्टीनं माहेरचं माणूस एवढंच पुरेसं होतं.

बातमीत 'खलनायिका' हा शब्द तीनदा आला आहे. 'अनुपमा'तली ती हसरी, सतत बडबडणारी मैत्रीण ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा शब्द खटकेल. 'सुजाता'तही त्या अशाच खेळकर. बाईला हसवताही येत होतं, पण भुवई उडवून बोलण्याची ती लकब लोकांना इतकी आवडली की निर्मात्यांनी पुन्हा पुन्हा तेच करून घेतलं.

शशिकलांचे वडील चांगले व्यापारी, पण धंदा बुडाला आणि कुटुंबाला मुंबई गाठावी लागली. गायिका-अभिनेत्री नूरजहाँनं या पोरीला हेरलं आणि 'जीनत' (१९४५) मधल्या कव्वालीत बसवलं. त्याचे पंचवीस रुपये मिळाले, असं त्या सांगत. पुढं पद्मश्री मिळाली २००७ साली. मधल्या काळात सगळं सोडून त्या कोलकात्यात मदर तेरेसांच्या संस्थेत सेवा करत होत्या. पडद्यावर दुसऱ्यांची घरं मोडणारी बाई तिथं रुग्णांची सेवा करत होती, हे आईला सांगायला हवं होतं. राहून गेलं.

मुंबईला जाण्याआधी, अगदी चार-पाच वर्षांच्या असल्यापासून, त्या आपल्या जिल्ह्यातल्या गावागावांत नाचायच्या, गायच्या म्हणे. ते पाहणारं आता कोण उरलं असणार! तरी कुणी आजी-पणजीकडून त्यांच्याबद्दल ऐकलं असेल, त्यांचं घर कुठल्या पेठेत होतं हे माहीत असेल, तर याच सदरात कळवावं. निर्बंध उठले की मी तिथं जाऊन येईन. आईच्या वतीनं एकदा हात जोडायचे आहेत.

आपली नम्र,
एक जुनी वाचक
साखर पेठ, सोलापूर