हेंडनचं लिबरेटर

लंडन

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार,

आईशी फोनवर बोलणं होतंच, पण हे तुम्हाला सविस्तर लिहायचं होतं. सोबत फोटोही पाठवतेय.

उत्तर लंडनमध्ये हेंडनला रॉयल एअर फोर्सचं संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धातली बॉम्बफेकी विमानं तिथे जवळून पाहता येतात. लोक जमतात ते लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानाभोवती. शंभरावर मोहिमा करून परत आलेलं विमान ते, गर्दी होणारच. मी मात्र कॅमेरा घेऊन लिबरेटर या अमेरिकी बॉम्बफेकी विमानापाशीच थांबले. नंबर केएन 751.

बाबा, हे विमान आपल्या हवाई दलात होतं! युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी लेंड-लीज करारातली, म्हणजे अमेरिकेने युद्धासाठी उसनी दिलेली ही विमानं कानपूरला टाकून दिली आणि पुन्हा कुणाला उडवता येऊ नयेत म्हणून मुद्दाम त्यांची मोडतोड केली. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कामगारांनी त्या भंगारातून चाळीसएक विमानं उभी केली. जुजबी डागडुजी करायची आणि वैमानिक जमशेद मुन्शींनी ती उडवत बंगळूरला न्यायची, तिथे मग पक्कं काम. केवढं धाडस! 1948 ते 1968 आपण ती वापरली, पुण्याच्या लोहगाव तळावरून समुद्रावर गस्तही घातली. 18 हजारांवर लिबरेटर बनली होती, त्यातली आज मोजकीच उरलीत. ब्रिटन, कॅनडा, अमेरिकेतल्या संग्रहालयांत जी दिसतात, त्यातली कित्येक आपल्याकडून गेलेली. हे 1974 मध्ये आपल्या हवाई दलाने भेट दिलं.

फोटो काढणं सोपं नव्हतं. पंखांचा पसारा 110 फूट, आणि मागे सरकायला जागा नाही. वाइड लेन्सने जवळून घेतलं की नाक फुगतं आणि शेपटीची ती जुळी सुकाणं पार बारकी होतात. फ्लॅश मारला तर उघड्या पत्र्यावर पांढरा डाग. म्हणून फ्लॅशविना, कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता (आयएसओ) 1600 वर ठेवली, रेलिंगवर कोपर टेकवले आणि श्वास रोखून शटर दाबलं.

आता त्यावर 1945 च्या आग्नेय आशियातल्या ब्रिटिश खुणा आहेत, गडद आणि फिकट निळ्या. ब्रिटिश गोल खुणेच्या मधला लाल ठिपका मुद्दाम गाळलेला, जपानी विमान समजून आपल्याच लोकांनी गोळी घालू नये म्हणून. युद्धकाळातलं रूप द्यायचं हा संग्रहालयाचा निर्णय समजू शकते. तरी मला खटकलं. युद्धात हे विमान जेमतेम काही महिने असेल, आपल्याकडे त्याने वर्षानुवर्षं काम केलं, आणि आपल्या हवाई दलाची गोल खूण, आपलं चक्र, त्यावर कुठेच नाही.

मग मी खुणा सोडून पत्र्याकडे वळले. बाजूने, अगदी तिरप्या उजेडात घेतलं की रिव्हेटची एकेक टोपी उठून दिसते, दोन रांगांमधला पत्रा किंचित खोलगट झालेला कळतो. तुम्ही आयुष्यभर हेच काम केलंत. तिसरा फोटो संगणकावर मोठा करून बघा, पंखाच्या मुळाशी एका जोडावर रिव्हेट शेजारच्यांपेक्षा जवळजवळ मारलेत. मूळ कारखान्याचं काम असं असतं, की नंतर कुणी पत्रा बदललाय? मला ओळखता आलं नाही. नीट बघून कळवा. हवं तर त्याच जागेचा आणखी जवळून फोटो काढून पाठवते.

आईला नमस्कार.

तुमची,
मनू